पहिल्या वर्षाची सोबत

मढहून कॉलेजला जायच्या वाटा दोन. २७१ नंबरच्या बसनं मार्वे रोडवरून मालाड स्टेशन, नाहीतर धक्क्यावरून फेरीबोटीनं वर्सोवा आणि पुढे अंधेरी. खाडी ओलांडायला काही मिनिटं पुरतात. रस्त्यानं गेलं तर त्याच वर्सोव्यासाठी वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. पावसाळ्यात बोटीचा भरवसा नसतो, तेव्हा सगळा भार बसवर येतो.

या दोन्ही वाटांवर मला तरुण प्राध्यापक भेटतात. सकाळी सातचा तास मालाडला, अकराचा अंधेरीला. दोन कॉलेजं, दोन मस्टर, दोन विभागप्रमुख. मांडीवर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणि डोक्यात पुढच्या तासाचा विषय. मी अर्थशास्त्र शिकवण्यात उमेदीची वर्षं घालवली, आता निवृत्त आहे. या मुलामुलींशी बसमध्ये सुरू झालेलं बोलणं घरी चहापर्यंत पोचलं आणि टिकलं. ही टिपणं त्या बोलण्यातून झाली आहेत. त्यांच्या मुळाशी प्रश्न एकच आहे: शिकवायला नवं लागलेल्या माणसाला पहिल्या वर्षी सोबत कोणाची?

*

यातले बरेच जण सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवतात. ज्यांच्या घरात कोणी प्राध्यापक नाही त्यांच्यासाठी ते थोडक्यात. जूनच्या सुमाराला जाहिरात येते, मुलाखत होते, नेमणुकीचं पत्र मिळतं. जितके तास घेतले तितक्यांचे पैसे. दिवाळीच्या सुटीत तास नाहीत, परीक्षेच्या दिवसांत नाहीत, मे महिन्यात नाहीत. सत्र संपलं की नेमणूक संपली. पुढच्या जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, कधीकधी त्याच खोलीत त्याच माणसांसमोर.

कायम सहायक प्राध्यापकाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये. यूजीसीनं २०१९ मध्ये अतिथी प्राध्यापकासाठी तासाला १,५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० रुपये ठरवले. आपल्या राज्यातला सीएचबीचा दर त्याच्याही खाली आहे. पात्रतेत मात्र काही फरक नाही. एम.ए., एम.कॉम. किंवा एम.एस्सी., वर नेट किंवा सेट, आणि आता कितीतरी जणांची पीएचडी.

*

२०१७ मध्ये राज्यात प्राध्यापकभरतीवर बंदी आली. पुढे ती टप्प्याटप्प्यानं सैल झाली आणि २०२१ मध्ये २,०८८ जागा भरायला मंजुरी मिळाली. पण मंजुरी मिळाली म्हणजे माणूस वर्गात उभा राहिला असं होत नाही. मध्ये रोस्टर तपासणी असते, एनओसी असते, जाहिरात, मुलाखत आणि विद्यापीठाचं अ‍ॅप्रूव्हल असतं. या पायऱ्या चढेपर्यंत पंचविशीतली मुलगी तिशी ओलांडते. घरचे लोक लग्नाचं, घराचं, कर्जाचं विचारतात. बँकही पगाराची स्लिप मागते.

या काळात ती शिकवत असतेच. दरवर्षी शे-दोनशे विद्यार्थी तिच्या हाताखालून जातात. म्हणून तरुण प्राध्यापकांच्या आधाराविषयी बोलताना ‘आधी कायम होऊ द्या, मग बघू’ असं म्हणून चालत नाही. विद्यार्थी थांबून राहिलेले नाहीत.

*

माध्यमिक शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतं. ते आता दोन वर्षांचं आहे. त्यात सराव पाठ असतात. पाठाचं टाचण काढावं लागतं. मागे बसून कोणीतरी निरीक्षण करतं आणि वहीत शेरा लिहितं. कॉलेजात शिकवायला असं काहीच लागत नाही. नेटच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न, १०० गुण, आणि त्यातले काही ‘अध्यापन अभिवृत्ती’वर. योग्य पर्याय निवडता आला की झालं. हा माणूस वर्गात उभा राहिला की कसा बोलतो, फळा कसा वापरतो, मुलाचं चुकलेलं उत्तर कसं हाताळतो, हे नेमणुकीपूर्वी कोणी पाहत नाही. मुलाखतीत कधी पाच-दहा मिनिटं शिकवून दाखवायला सांगतात, तेही समितीसमोर. तिथे विद्यार्थी नसतातच.

विषय येणं आणि विषय शिकवता येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी शिकावी लागते. आणि ती कोणाच्या तरी सोबतीनं शिकली तर लवकर येते.

*

चहाच्या वेळी निघणारे प्रश्न मी लिहून ठेवते.

‘तासाची वीस मिनिटं उरलेली असतात आणि आणलेलं सगळं सांगून झालेलं असतं. मग काय करू?’

‘एका डिव्हिजनला १२० मुलं. नावं कशी लक्षात ठेवायची?’

‘इंग्रजीत शिकवलं तर निम्मा वर्ग गप्प. मराठीत सांगितलं तर बाकीचा निम्मा म्हणतो, मॅडम, हिंदीत.’

‘विद्यार्थ्यानं विचारलेलं मला येत नव्हतं. उद्या सांगते म्हटलं. त्यानं चेहरा केला.’

‘मुलं विचारतात, मॅडम, पुढच्या वर्षी तुम्ही असणार ना?’

शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. बाकीच्यांना आहेत. पण ती सांगायला कोणी ज्येष्ठ स्टाफरूममध्ये बसलेला असावा लागतो, आणि त्याच्याकडे अर्धा तास मोकळा असावा लागतो.

*

ही गरज आज कळलेली नाही. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. त्या अहवालात नव्या अधिव्याख्यात्यांविषयी अगदी साधी गोष्ट लिहिली आहे. त्यांना संस्थेत रुळायला वेळ द्यावा, चांगल्या शिक्षकांचे तास ऐकायला पाठवावं, प्रत्येक विद्यापीठात आणि जमेल तिथे प्रत्येक कॉलेजात नव्या लोकांसाठी उद्बोधन वर्ग असावेत, आणि मोठ्या विद्यापीठांनी त्यासाठी कायमची व्यवस्था उभारावी.

ती व्यवस्था १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजांच्या रूपानं आली. मुंबई विद्यापीठातही ती सुरू झाली. पुढे नावं बदलत गेली: एचआरडीसी, मग मालवीय मिशन. त्या वर्गांत मीही बसले आहे. उत्तम माणसं भेटली, इतर विषयांतले मित्र मिळाले. पण एक गोष्ट तेव्हाही खटकली होती आणि आजही खटकते. तिथे पोचेपर्यंत बहुतेकांची शिकवण्याची पद्धत घट्ट झालेली असते. सीएचबीवरच्या शिक्षकाची अडचण आणखी सरळ आहे. तीन-चार आठवड्यांच्या वर्गाला गेलं की तेवढे तास बुडतात, आणि तासांबरोबर पैसे.

आयोगाच्या शिफारशीतली सर्वांत स्वस्त ओळ मात्र तशीच पडून आहे. चांगल्या शिक्षकाच्या तासाला जाऊन बसणं. त्याला ना निधी लागतो, ना इमारत.

*

बाळशास्त्री जांभेकर १८३४ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत सहायक प्राध्यापक झाले तेव्हा बावीस वर्षांचे होते. त्या जागेवरचे ते पहिले भारतीय. पुढे शिक्षक तयार करण्याच्या वर्गाचं कामही त्यांच्याकडे आलं. चौतिसाव्या वर्षी ते गेले. इतक्या थोड्या काळात त्यांच्या हाताखाली दादाभाई नौरोजी शिकले, जे पुढे त्याच संस्थेत गणित शिकवू लागले. केरो लक्ष्मण छत्रेही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. आणि पुण्यात डेक्कन कॉलेजात याच केरूनानांकडे टिळक गणित शिकले.

आपण बाळशास्त्र्यांना ‘दर्पण’साठी आठवतो आणि ते योग्यच आहे. पण मला त्यांची ही बाजू जास्त जवळची वाटते. तरुण प्राध्यापकानं विद्यार्थ्याला विषय दिला, आणि त्या विद्यार्थ्याला पुढे शिकवावंसंही वाटलं. शिकवण्याचं काम असं माणसाकडून माणसाकडे जातं. मधली एक कडी निखळली, एका पिढीतले शिक्षक हताश होऊन दुसऱ्या कामाला लागले, तर पुढच्या पिढीला ते पुस्तकातून मिळत नाही.

*

१८९१ च्या आधी धोंडो केशव कर्वे मुंबईत वेगवेगळ्या शाळांत तास घेत आणि वर शिकवण्या करत. दिवसभर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी. मढहून मालाड आणि अंधेरी गाठणाऱ्या माझ्या तरुण मैत्रिणीचा दिवस याहून फार वेगळा नाही.

टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले, फर्ग्युसनमध्ये गणिताला माणूस हवा होता, आणि गोखल्यांनी कर्व्यांना बोलावून घेतलं. पुढच्याच वर्षी ते आजीव सदस्य झाले. पगार थोडा होता. त्या काळच्या आजीव सदस्यांना महिना ७५ रुपये मिळत. पण वीस वर्षांची बांधिलकी होती आणि ती दोन्ही बाजूंनी होती. संस्था कशी चालवायची यात सदस्यांचा आवाज होता. तरुण शिक्षक तिथे नोकरही होते आणि मालकही.

त्या स्थैर्यावर उभं राहून कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. त्या विद्यापीठाचं, म्हणजे एसएनडीटीचं, जुहूचं संकुल वर्सोव्याहून फार लांब नाही. गणिताच्या एका प्राध्यापकाला उद्याची काळजी करावी लागली नाही म्हणून केवढं काम झालं, हे मोजायला मोजपट्टी नाही. कमी पगारात स्थैर्य आणि सन्मान असला तर माणूस पुष्कळ सोसतो. आज आपण तरुणांना कमी पगार देतो आणि बाकीच्या दोन गोष्टीही देत नाही.

*

फर्ग्युसनच्या त्याच काळातली आणखी एक नोंद. रँग्लर परांजपे १९०२ मध्ये प्राचार्य झाले तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. तरुणांवर विश्वास टाकायची पद्धत आपल्याकडे होती.

*

आता वर्गातली गोष्ट. मराठवाड्यातून आलेला एक तरुण अर्थशास्त्र शिकवतो. ‘मागणीची लवचीकता’ शिकवताना त्याची उदाहरणं पाठ्यपुस्तकातली: चहा आणि कॉफी, पेन आणि शाई. मुलं लिहून घेत, पण हलत नसत. मी त्याला म्हटलं, तुझ्या वर्गात मढची, भाटीची, एरंगळची मुलं आहेत. त्यांना मासळीचा भाव विचार.

त्यानं विचारलं. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. त्या दोन महिन्यांत ताज्या बोंबलाचं काय होतं, सुक्याचा भाव किती चढतो, भाव चढला तर लोक किती कमी घेतात आणि कशाकडे वळतात? मागच्या बाकावरची एक कोळ्याची मुलगी उभी राहिली. सेमिस्टरभर ती बोललेली नव्हती. तिनं सांगितलं की ओला बोंबील संध्याकाळपर्यंत राहत नाही, म्हणून दुपारनंतर मिळेल त्या भावानं द्यावाच लागतो. सुका घरात राहतो, म्हणून तिथे थांबता येतं. वलांडीवर वाळवलेला माल पावसाळ्यासाठी कसा राखून ठेवतात तेही तिनं सांगितलं. पुरवठा कधी ताठ असतो आणि कधी लवचीक, हे तिनं तीन मिनिटांत सगळ्या वर्गाला समजावलं.

आल्फ्रेड मार्शलनं १८९० च्या आपल्या ग्रंथात अल्पकाळ आणि दीर्घकाळातली किंमत समजावताना मासेमारीच्याच धंद्याचं उदाहरण घेतलं आहे. केंब्रिजच्या प्राध्यापकाला जे उदाहरण लांबून शोधावं लागलं ते या मुलीच्या ओसरीवर होतं. त्या तरुण शिक्षकानं पुढच्या तासाला मार्शलचा तो भाग वाचून दाखवला. वर्गानं तो लक्ष देऊन ऐकला.

यात मी काय केलं? एक वाक्य सांगितलं. नव्या शिक्षकाला पुष्कळदा एवढंच लागतं. पण ते वेळेवर लागतं, आणि त्याचा वर्ग ज्याला माहीत आहे अशा माणसाकडून लागतं.

*

मढच्या बोटीवर नवा खलाशी आला की तांडेल त्याला पहिल्याच दिवशी एकट्यानं डोल जाळं ओढायला लावत नाही. तो आधी दोर गोळा करतो, मासळी निवडतो, बाकीच्यांचे हात पाहतो. पाणी आणि वारा त्याला बोटीवरच कळतो, पण जुन्या माणसांच्या शेजारी उभं राहून. कॉलेजात मात्र नव्या माणसाच्या हाती पहिल्या दिवशी खडू आणि हजेरीपट देऊन दार ओढून घेतात.

*

पवईला आयआयटीत शिक्षकांच्या प्रशिक्षणावर खरं काम झालं आहे आणि ते उपनगरातल्या आपल्या कॉलेजांपर्यंत फारसं पोचलेलं नाही. दीपक फाटक यांच्या पुढाकारानं तिथून एका वेळी हजार शिक्षकांसाठी कार्यशाळा होत. शिक्षक आपापल्या जवळच्या केंद्रात बसत, पवईहून थेट प्रक्षेपण होई. पुढे तोच प्रयोग दहा हजारांच्या आकड्यापर्यंत नेला. मोठ्या संख्येला भिऊन प्रशिक्षण पुढे ढकलायचं कारण नाही, हे त्यातून दिसलं.

सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या वर्गात मुलं कशी गुंततात हे मोजून पाहिलं. पद्धत सोपी. प्रश्न द्यायचा, आधी प्रत्येकानं एकट्यानं विचार करून वहीत लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गासमोर मांडायचं. संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या मोठ्या वर्गात त्यांनी हे केलं, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात ८३ टक्के विद्यार्थी गुंतून राहिल्याचं मांडलं.

आमच्याकडे येणाऱ्या वाणिज्य शिकवणाऱ्या एका मुलीनं १२० च्या वर्गात हेच करून पाहिलं. पहिल्यांदा गोंधळ झाला. दुसऱ्यांदा तिनं वेळ बांधून दिली: दोन मिनिटं लिहायला, तीन बोलायला. प्रश्नही बदलला. ‘व्याख्या सांगा’ऐवजी ‘या दुकानदारानं उधारी वाढवावी का?’ असं विचारलं. तासाची ती उरलेली वीस मिनिटं आता तिला कमी पडतात.

*

पुण्याच्या आयसरनं ब्रिटनमधल्या शेफील्ड हॅलम विद्यापीठाबरोबर महाराष्ट्रातल्या विज्ञान शिक्षकांसाठी संशोधनाधारित अध्यापनाच्या कार्यशाळा घेतल्या. राज्य सरकारची अध्यापक विकास संस्थाही पुण्यात आहे. होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून काम करतं आहे आणि आता ते मानखुर्दला, म्हणजे आपल्या उपनगर जिल्ह्यातच आहे. दारं उघडी आहेत. तरुणांना तिथे पाठवायला कॉलेजनं दोन दिवसांचे तास भरलेले धरले पाहिजेत. पाठवणीचा खर्च बसच्या तिकिटाएवढा, अडथळा सगळा त्या दोन दिवसांच्या मानधनाचा.

*

तासाला बसून पाहायचं कसं, याचे आम्ही काही नियम केले आहेत. करून पाहण्यासारखे आहेत म्हणून लिहिते.

बोलावल्याशिवाय जायचं नाही. आधी विचारायचं, ‘मी काय पाहू?’ कोणाला आवाजाविषयी जाणून घ्यायचं असतं, कोणाला फळ्याविषयी, कोणाला मागच्या बाकांविषयी. तेवढंच पाहायचं. बसायचं मागे, विद्यार्थ्यांत. वही उघडी ठेवायची, पण शिक्षक काय करतो यापेक्षा मुलं काय करतात ते लिहायचं: कोणत्या वाक्याला पेनं चालली, कुठे मोबाइल निघाले, कुठे कोणी हसलं. तास संपल्यावर आधी शिक्षकानं बोलायचं. मग आपण एक चांगली गोष्ट आणि एक बदलण्याजोगी गोष्ट सांगायची. एकच. आणि यातलं काहीही प्राचार्यांकडे किंवा फाइलमध्ये जाणार नाही, हा शब्द द्यायचा आणि पाळायचा.

मग ज्येष्ठानं आपल्या तासाला त्या तरुणाला बसवायचं. ही अट सर्वांत महत्त्वाची आहे. दोन्ही बाजूंनी पाहणं झालं की ती तपासणी राहत नाही, अभ्यास होतो.

*

नव्या धोरणाचा अभ्यासक्रम राज्यातल्या स्वायत्त कॉलेजांत २०२३-२४ पासून आणि बाकीच्या संलग्न कॉलेजांत २०२४-२५ पासून आला. श्रेयांकांच्या नव्या चौकटीत कितीतरी नवे पेपर आले: कौशल्याचे, मूल्यांचे, भारतीय ज्ञानपरंपरेचे, खुले वैकल्पिक. यातले ज्यांना कोणी वाली नाही ते पेपर सहसा सर्वांत नव्या माणसाकडे जातात. एका सेमिस्टरला चार नवे पेपर, चारही पहिल्यांदा शिकवायचे, त्यातले दोन स्वतःच्या विषयाबाहेरचे. नव्या पेपरच्या एका तासामागे तीन-चार तासांची तयारी लागते, हे शिकवलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत सहायक प्राध्यापकासाठी आठवड्याला सोळा तास प्रत्यक्ष अध्यापन धरलं आहे. चार वेगळे पेपर शिकवणं आणि एकच पेपर चार डिव्हिजनला शिकवणं, दोन्ही कागदावर सोळाच भरतात. माणसाला ते सारखे पडत नाहीत.

*

नॅकच्या फाइली. तरुणांना संगणक येतो म्हणून त्या त्यांच्याकडे येतात. एनएसएसचं शिबिर, युवा महोत्सवाची तालीम, फोटो आणि अहवाल हेही त्यांच्याकडेच. यातली काही कामं चांगली असतात आणि मुलांशी नातं जोडतात. पण पहिल्या वर्षी ही सगळी एका माणसावर टाकली की तयारीचा वेळ झोपेतून काढावा लागतो. पहिल्या वर्षी एक जबाबदारी, आणि तीही त्याच्या आवडीची. एवढं ठरवायला कोणाची परवानगी लागत नाही.

*

संशोधनाविषयी. पेपर छापा, नाहीतर पुढे काही होणार नाही, ही भीती तरुणांना पहिल्या दिवसापासून असते. त्या भीतीवर पैसे कमावणारी नियतकालिकं निघाली. मे २०१८ मध्ये यूजीसीनं आपल्या यादीतून ४,३०५ नियतकालिकं वगळली. पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच वर्षी ‘करंट सायन्स’मध्ये त्या यादीची चिकित्सा करून विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी फार मोठा भाग निकृष्ट असल्याचं दाखवून दिलं होतं.

एका तरुणानं पीएचडीच्या घाईत अशा ठिकाणी पैसे भरून निबंध छापला. आता तो कुठल्याच मुलाखतीत दाखवता येत नाही. त्याला दोष कसा द्यायचा? चांगलं नियतकालिक कोणतं, परीक्षण म्हणजे काय, नाकारलेला निबंध सुधारून पुन्हा कसा पाठवायचा, हे त्याला आधी कोणी सांगितलंच नव्हतं.

मी सगळ्यांना सांगते, पहिला निबंध आपल्या वर्गावर किंवा आपल्या परिसरावर लिहा. मढच्या मासळीबाजारातली उधारी, मालाडच्या विद्यार्थ्यांची अर्धवेळ कामं, फेरीबोटीवर अवलंबून असलेल्यांचा प्रवासखर्च. माहिती चालत जाऊन गोळा करता येते आणि प्रश्न आपला असतो.

*

अमेरिकेत गणिताच्या शिक्षकांच्या संघटनेनं १९९४ मध्ये ‘प्रोजेक्ट नेक्स्ट’ नावाचा उपक्रम सुरू केला. ख्रिस्टीन स्टीव्हन्स आणि जेम्स लाइट्झेल यांनी तो उभारला. नुकतीच पीएचडी झालेली, शिकवायला नवी लागलेली मंडळी त्यात येतात. अध्यापन, संशोधन आणि संस्थेतलं काम या तिन्हींविषयी त्यांना एकत्र बोलायला मिळतं आणि त्या ओळखी पुढे वर्षानुवर्षं टिकतात.

मला त्यातलं आवडलं ते हे की त्यांनी एकाच वर्षी लागलेल्यांना एकमेकांशी जोडलं. ज्येष्ठाची सोबत हवीच, पण बरोबरीच्या माणसाची वेगळी. आपली अडचण दुसऱ्या कॉलेजातल्या कोणाला तरी तशीच आहे हे कळलं की अर्धा भार उतरतो. मालाड ते बोरिवली पट्ट्यातल्या कॉलेजांनी मिळून दरवर्षीच्या नव्या शिक्षकांचा असा एक गट केला, महिन्यातून एका शनिवारी दुपारी एकत्र बसवलं, तर त्याला लागेल एक वर्गखोली आणि चहा. सीएचबीवरच्यांना त्या दुपारचं दोन तासांचं मानधन मिळावं, म्हणजे यायचं की नाही हा हिशेब त्यांना करावा लागणार नाही.

*

अनुभवाचं प्रमाणपत्र. सत्र संपलं की त्याच आठवड्यात द्यावं: कोणते पेपर, किती तास, कोणत्या वर्गाला. तरुणांना पुढच्या मुलाखतीसाठी ते हवं असतं आणि त्यासाठी ऑफिसच्या खिडकीशी खेटे घालावे लागतात. एका सहीचं काम आहे. त्यावर एखाद्याचं पुढचं वर्ष अवलंबून असतं.

*

निवृत्त प्राध्यापक उपनगरात पुष्कळ आहेत. मालाड, कांदिवली, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर. प्रत्येक सोसायटीत एखादे सर किंवा मॅडम निघतात. आपल्याला पेन्शन आहे, वेळ आहे आणि तीस-पस्तीस वर्षांच्या नोट्स आहेत. प्रत्येकानं एक तरुण शिक्षक एका वर्षासाठी आपला मानावा. आठवड्याला एक फोन, महिन्याला एक भेट, सेमिस्टरला एकदा त्याच्या तासाला बसणं. नोट्स देताना ‘अशाच शिकवा’ असं म्हणू नये. त्यातलं काय जुनं झालं ते त्यांनाच शोधू द्यावं.

पगाराची आणि कायम जागांची लढाई संघटनांनी लढायची आहे आणि त्यात आपण त्यांच्या बाजूनं उभं राहायचं आहे. पण तो निकाल लागेपर्यंतचे दिवसही कोणाच्या तरी आयुष्यातले आहेत.

*

शेवटची नोंद वेळापत्रक करणाऱ्यांसाठी. प्रत्येक कॉलेजात जून महिन्यात एक प्राध्यापक मोठा कागद पसरून, किंवा संगणकावर, चौकोन भरत बसतो. कोणाला कोणते पेपर, कोणत्या वेळा, कुठे मोकळा तास. नव्या शिक्षकाचं सबंध वर्ष त्या चौकोनांत ठरतं. विद्यापीठाला किंवा मंत्रालयाला न विचारता तिथे चार गोष्टी करता येतात. नव्या माणसाला दोनपेक्षा जास्त नवे पेपर देऊ नका. त्याचे तास सलग लावा, म्हणजे मढला किंवा विरारला राहणाऱ्याचा दिवस रस्त्यात संपणार नाही. आठवड्यातला एक मोकळा तास त्याच्या विभागातल्या एका ज्येष्ठाच्या मोकळ्या तासासमोर आणा आणि त्या चौकोनात दोघांची नावं लिहा. आणि तो तास वर्कलोडमध्ये धरा, म्हणजे सीएचबीवरच्याला त्याचे पैसे मिळतील.

आधाराविषयी आपण भाषणं पुष्कळ करतो. यंदाच्या वेळापत्रकात तो कुठे लिहिला आहे, हे प्रत्येक प्राचार्यांना विचारायला हवं. मी माझ्या ओळखीच्या प्रत्येकाला विचारणार आहे.